सांडोरची पार्टी

कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर श्रीरंग सामंतांनी केळ्याचे वेफर्स विकायचं ठरवलं. भागीदार त्यांचा शाळासोबती, सांडोर गावचा पॉल. पत्नी यमुनाबाईंचा मात्र ठाम विरोध होता.

"तुम्हाला साधा पापड तळता येत नाही, नि वेफर्स काय तळणार?"

बायकोपुढे वकिलाचा सल्ला ठेवला की ती गप्प बसेल, या हिशेबाने श्रीरंग माणिकपूरला गेले. वकिलाच्या इमारतीचं रंगकाम चालू असल्यामुळे पाट्या काढून ठेवल्या होत्या. पहिल्या मजल्यावर उघड्या दारातून टेबलामागे बसलेले एक पोक्त गृहस्थ दिसले. श्रीरंग आत शिरले.

"पुढे भांडणं नकोत, म्हणून आधीच विचारायला आलोय."

"शहाणे आहात. पार्टी कुठली?"

"सांडोरची. स्वतःची केळीची वाडी आहे."

"वा! ओळख जुनी?"

"शाळेपासून. तेव्हाच ठरवलेलं, पण नोकरीत राहून गेलं."

"उशीर झाला, पण हरकत नाही. मग घोडं अडलं कुठं?"

"बायको नाही म्हणते."

"कुणाची?"

"माझी!"

गृहस्थ ताडकन उभे राहिले. श्रीरंगनी घाबरून पॉलचं नाव घेतलं, तेव्हा तर त्यांनी छातीवर क्रूसाची खूणच केली. वेफर्सचा उल्लेख व्हायला आणखी थोडा वेळ गेला.

"अहो, वकील शेजारच्या दारात!" ते हसू आवरत म्हणाले. "मी लुईस. इथे लग्नं जुळवतो. पण आलाच आहात तर ऐका. बायको नाही म्हणत असताना काही जमवू नका. आधी दोन्ही कुटुंबं समोरासमोर बसवा."

श्रीरंगना ते पटलं. शनिवारी पॉल आणि त्याची बायको रोझमेरी कच्च्या केळ्यांचा घड घेऊन आले. दोघा भागीदारांनी उत्साहाने कढई चढवली. चकत्या एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झाला, घरभर धूर झाला.

"हो बाहेर!" रोझमेरीने नवऱ्याला हाकललं. यमुनाबाईंनी श्रीरंगना. मग आतून आधी खोकला, मग हसणं आणि शेवटी खमंग वास आला. संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या चार घरांनी मागणी नोंदवली होती.

आठवड्याने सगळे खऱ्या वकिलांसमोर बसले.

"भागीदार कोण?"

"आम्ही दोघी," यमुनाबाई म्हणाल्या.

"आणि हे?"

"केळी सोलतील. माल पोचवतील."

श्रीरंगनी पॉलकडे पाहिलं. पॉल छताकडे पाहत होता.

"वकीलसाहेब," श्रीरंग हळूच म्हणाले, "आमच्या बाजूनं एखादं कलम?"

"मी अशिलालाच सल्ला देतो. अशील या दोघी."

यमुनाबाईंनी रोझमेरीच्या कानात काही विचारलं. तिने मान डोलावली.

"लिहा," यमुनाबाई म्हणाल्या, "दोघांना रविवारी सुट्टी."

नोकरीतसुद्धा इतकी सहज सुट्टी कधी मिळाली नव्हती. श्रीरंगनी पटकन साक्षीदार म्हणून सही ठोकली.