मुन्शीजींचं गुरुवारचं टेबल

मीरा, अनय, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुमच्या वेळी खेड्यातल्या माणसाची सरकारी कामं कोण करून देत असे?" फोनवर मला नीट सांगता आलं नाही. आता अधूनमधून नावं विसरायला लागले आहे, म्हणून आजच लिहून ठेवते. ती कामं करून देणारा एक माणूस होता, आणि तो कागद वाचण्याआधी हुंगत असे.

त्यांना सगळे मुन्शीजी म्हणत. शहरातल्या शहागंजात एका खोलीत एकटेच राहत. निजामाच्या कचेरीत त्यांनी उर्दूतून जमिनीची दफ्तरं लिहिली होती. पोलीस ॲक्शननंतर कारभार मराठीत आला, आणि मुन्शीजींना मराठी बोलता येई, लिहिता येत नसे. शेतकऱ्यांची पंचाईत उलटी. घरातले कागद उर्दूत, ते नव्या कारकुनांना वाचता येईनात. शेवटी कचेरीनं टेबल दिलं, हर्सूल गावानं चावडी दिली आणि शाळेनं दर गुरुवारी दुपारी मला सोडलं. मी त्या शहरातल्या शाळेतली नवी मास्तरीण. मुन्शीजी वाचणार, मी मराठीत लिहिणार, कचेरी ते मान्य करणार. त्या टेबलाशिवाय मुन्शीजींकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

आम्ही टांग्यानं जात असू. वाटेतल्या तलावावर ऊन पेंगत असे, घोडाही पेंगत असे. मला वाटे, आपण कधी पोचणारच नाही, आणि न पोचलो तरी चालेल.

चावडीत मुन्शीजी कागद नाकाशी धरत आणि डोळे मिटत. "हा ज्वारीच्या कणगीतला. म्हंजे बाईमाणसानं जपला." दुसरा घेत. "हा पटक्यातला. घाम हाय. कोर्टाच्या लई चकरा मारल्या, व्हय ना?" पटकेवाला ओशाळून हसे. मी घड्याळाकडे पाहिलं की म्हणत, "मास्तरीणबाई, सबर करा. कागद कुठं पळून चालला?"

एका गुरुवारी सरूबाई आली. धनगराची विधवा, राणोजीची थोरली बायको. विहिरीजवळचा तुकडा राणोजीनं तिच्या नावे केला होता, आणि आता धाकटीचा भाऊ म्हणत होता की तो धाकटीचा. मुन्शीजींनी कागद हुंगला, उघडला आणि थांबले. अक्षर त्यांचंच होतं.

"काय लिवलंय?"

"जौजे राणोजी. म्हंजे राणोजीची बायको."

"कंची?"

"ते लिहिलेलं नाय."

"तवा माझ्या हातचं ताक पिलात तुमी. अन् नाव नाय इचारलं?"

"परक्या बाईचं नाव विचारणं अदबीत बसत नव्हतं, सरूबाई."

"तुमची अदब तुमच्यापाशी. हिकडं इहीर चालली माझी."

चावडीत उर्दू वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी नुसतं 'सरूबाई' असं वाचलं असतं, तरी मी तसंच लिहिलं असतं. मुन्शीजी म्हणाले, "लिहा. तुकडा थोरलीचा. नाव राहिलं ती चूक लिहिणाराची. लिहिणारा मी."

तहसीलदारांपुढे उभं राहून त्यांनी हेच सांगितलं. तुकडा सरूबाईचा ठरला. टेबल मात्र परत गेलं. चूक कबूल केलेल्या माणसाला कचेरीच्या टेबलावर कसं बसवू, असं साहेब म्हणाले.

पुढच्या गुरुवारी मी टांग्यापाशी गेले तर मुन्शीजी आधीच आत बसलेले. हर्सूलला लिंबाखाली सरूबाईनं बाज टाकून ठेवली होती. "टेबल सरकारचं व्हतं, गेलं. बाज माझी हाय. बसा." माणसं ओळीनं बसली होती. साहेबांनी काही महिने ते पाहिलं आणि आमचे कागद पुन्हा घ्यायला सुरुवात केली.

तेव्हापासून मुन्शीजी आधी बाईला तिचं नाव विचारत, मान खाली घालून. मग मला ते एका वहीत लिहायला लावत.

एका संध्याकाळी माणसं पांगल्यावर मी वही मिटत होते.

"एक राहिलं," ते म्हणाले. "लिहा. रशीदा."

"कागद कुठंय?"

"कागद नाय. माझी बायको होती. जन्मभर 'अजी, सुनो' म्हणत राहिलो. नावानं हाक मारायची राहिली."

मी लिहिलं. त्यांनी वही स्वतःकडे फिरवून घेतली. ती अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, तरी बराच वेळ पाहत राहिले.

मुन्शीजी गेले. चावडी पडली, हर्सूल शहरात मिसळलं. वही माझ्याकडे आहे. शाई फिकी झाली आहे, पण नावं वाचता येतात.