जिराफाच्या अडकलेल्या मानेबाबत

शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढून बाई निवृत्त झाल्या आणि तिसऱ्याच आठवड्यात घरच्यांच्या नाकी नऊ आले. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी विषयवार लावले होते, त्यामुळे सुनेला मीठ सापडेना. शेवटी सूनच गोड आवाजात म्हणाली, "आई, तुम्ही जरा समाजसेवा का करत नाही?" म्हणून बाईंनी कॉलनीच्या सभागृहात दर शनिवारी दुपारी चार ते पाच या वेळात मुलांना गोष्ट वाचून दाखवायचं ठरवलं. यात कोणाचं काही बिघडण्यासारखं नव्हतं, निदान बाईंना तसं वाटलं.

पहिल्या शनिवारी बावीस मुलं आली. गोष्ट एका भोचक जिराफाची होती. शेजाऱ्यांकडे काय शिजतंय ते बघायला त्याने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मान आत घातली, आणि ती अडकली. तेवढ्यात पाच वाजले. मुलं जागची हलेनात, तेव्हा बाईंनी शब्द दिला की पुढच्या शनिवारी मान नक्की काढू.

पुढच्या शनिवारी कॉलनीच्या समितीचे समन्वयक आले. समन्वयक म्हणजे सुरळीत चाललेलं काम सुरळीत करण्यासाठी नेमलेला माणूस. स्वभावाने मात्र फार सज्जन. त्यांनी बाईंचं तोंडभरून कौतुक केलं आणि या उपक्रमाची कुठेच नोंद नाही म्हणून ते मनापासून हळहळले. मग नोंदणी झाली, हजेरी झाली, आग लागल्यास कोणत्या दाराने पळावं याचं प्रात्यक्षिक झालं. उरलेल्या बारा मिनिटांत शेजारीणबाई जिराफाच्या मानेला तेल चोळू लागल्या, इथवर मजल गेली.

तिसऱ्या शनिवारी मूल्यमापन होतं. गोष्ट ऐकण्याआधी मूल किती आनंदी आहे आणि ऐकल्यावर किती, असे दोन तक्ते. पहिला भरता भरताच पावणेपाच वाजले. दुसरा मग वेळ जाऊ नये म्हणून गोष्टीविनाच भरून घेतला. आनंद सदतीस टक्क्यांनी वाढलेला निघाला. एका मुलीने रकान्याबाहेर 'जिराफ अजून अडकलाय' असं लिहिलं होतं, तिचा तक्ता बाद झाला.

बाईंना कसंतरीच होऊ लागलं. एकतीस वर्षांत त्यांनी पोरांना कितीदा दटावलं असेल, पण फसवलं कधी नव्हतं. आता समोरून मुलं येताना दिसली की त्या रस्ता ओलांडायच्या. अखेर त्यांनी समन्वयकांना गाठलं आणि एक शनिवार नुसतं वाचू द्या म्हणून अक्षरशः गयावया केली.

समन्वयकांचा चेहरा पडला. "काय सांगू बाई, वाचनामुळे वाचन-उपक्रमाला वेळच पुरत नाही हो."

मूल्यमापनाच्या अहवालातही तीच शिफारस होती. चौथ्या शनिवारपासून वाचन वगळलं, आणि उपक्रम घड्याळाच्या काट्यावर सुरू होऊन वेळेत संपू लागला. महिन्याभरात तो सर्वोत्कृष्ट ठरला. बाईंचा सत्कार करायचं ठरलं.

सत्काराला निमंत्रित इतके आले की खुर्च्या कमी पडल्या, म्हणून मुलांना बाहेर पायऱ्यांवर बसवलं. फोटोच्या वेळी त्यांना आत घेणार होते. बाईंनी मुलांना वाचनाची गोडी कशी लावली, हे सांगणारं मानपत्र अकरा मिनिटं चाललं. समन्वयकांनी बाईंच्या कानात सांगितलं की दोन मिनिटं बोला, फक्त आभार.

बाईंनी माईक हातात घेतला, सभागृहावर नजर फिरवली, माईक परत ठेवला. पिशवीतून पुस्तक काढून त्या तरातरा बाहेर गेल्या आणि पायऱ्यांवर मुलांमध्ये बसकण मारली. मागोमाग सगळे निमंत्रित धावले.

समन्वयक घाम पुसत म्हणाले, "बाई, हे कार्यक्रमपत्रिकेत नाही."

"खाली बसा," बाई पुस्तकातून मान वर न करता म्हणाल्या. "मागच्या मुलांना दिसत नाहीये."

समन्वयक मुकाट खाली बसले. बाईंनी गोष्ट वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मान निघाली, आणि ती अशी काही निघाली की तक्ता बाद झालेल्या मुलीला हसून हसून उचकी लागली. बाईंनाही हसू आवरेना, पुढे डोळ्यांतून पाणीच आलं. निमंत्रितांनी मात्र एकही शब्द ऐकला नाही. सगळे मोबाइल उंच धरून चित्रीकरण करत होते, घरी जाऊन निवांत बघू म्हणून.

तो व्हिडिओ त्याच संध्याकाळी सगळीकडे फिरला. तुमच्याही ग्रुपवर आला होता. तुम्ही अंगठा दिलात, टाळ्या दिल्यात, 'आज अशा माणसांची फार गरज आहे' असं लिहून आणखी चार ठिकाणी पुढे पाठवलात. मग सांगा बघू, जिराफाची मान निघाली कशी?