परबकाकांचा पाण्याचा अर्ज

परबकाका प्रत्येक बॅचच्या पहिल्या दिवशी घरून गढूळ पाण्याची बाटली आणतात, परदेशी साहेबापुढे ठेवतात आणि मला म्हणतात, "तेका सांग, पिऊन दाखव."

आणि हे मी इंग्रजीत सांगायचं! मुलुंडच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात आफ्रिकेतले, आशियातले नगरपालिकांचे अधिकारी येतात. आपापल्या गावचा कारभार कसा सुधारावा, ते दोन आठवडे शिकतात. मी दुभाषी. परबकाका वॉर्ड ऑफिसच्या पाणी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आता सरावाच्या वेळी आमचे ठरलेले तक्रारदार नागरिक. एक टेबल मांडायचं, मागे अधिकारी बसवायचा, पुढे काका अर्ज घेऊन उभे.

अर्ज कायम एकच. "मी सुमन कांबळे, राहणार गोवंडी. नळाला हे असलं पाणी येतं." झुपकेदार मिशांचा हा माणूस सुमन! पहिल्या वर्षी मला हसू आवरेना. "काका, निदान सुरेश तरी करा ना," म्हटलं, तर असे खेकसले की मी पुन्हा विषय काढला नाही.

साहेब मंडळी काय काय करतात! कोणी नियम वाचतो, कोणी समिती नेमतो, एकाने तर फळ्यावर रंगीत तक्ताच काढला. काका सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "नापास. मी पाणी मागतंय, भाषण नाय." नेपाळच्या एका साहेबांनी त्यांना नवीन फॉर्म भरून सोमवारी या म्हणून सांगितलं. "अगदी माझ्यासारखो," काका म्हणाले. "नापास."

आता त्यांचे गुडघे गेलेत. ठाण्याचा मुलगा फोनवर ओरडतो, "बाबा, बस झालं." काकांचं म्हणणं एकच, कोणीतरी एकदा बरोबर उत्तर देऊ दे, मग नाही येणार. बरोबर उत्तर काय, ते मात्र सांगत नाहीत. मला तर वाटायचं, त्यांनाही ठाऊक नसावं.

या वेळच्या बॅचला मलावीच्या ग्रेसबाई होत्या. त्यांनी अर्ज ऐकला, टेबलामागून उठल्या, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "चला, घर दाखवा."

मी भाषांतर केलं. म्हटलं, "सांगून टाका ना काका, घरबिर काही नाहीये म्हणून."

"घर आसा," काका म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले.

सुमन कांबळे खरी होती. पोर कडेवर, बाटली हातात, अशी त्यांच्या काउंटरवर यायची. काका अर्जावर शिक्का मारून पुढच्या सोमवारी बोलवायचे. नियमाने सगळं बरोबर. कितीतरी सोमवार ती आली. एकदा म्हणाली, पोराला जुलाब लागलेत, अंगात ताप आहे. त्यानंतर आलीच नाही.

"पत्तो पाठ होतो गो," काका मला म्हणाले. "पण भियालंय मी. ता पोर गेला आसला तर?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. ग्रेसबाई म्हणाल्या, "मग आत्ताच जाऊ."

केंद्राच्या गाडीने गोवंडीला गेलो. विचारत विचारत गल्ली सापडली. दारात पांढऱ्या केसांची एक बाई तांदूळ निवडत होती.

"सुमन कांबळे?"

"मीच. तुम्ही कोण?"

काकांनी उगाच चष्मा पुसला. "वॉर्ड ऑफिसातला मी. तुमचा पाण्याचा अर्ज होता."

"आत्ता आलात?" बाई हसायलाच लागली. "अहो, आम्ही मोर्चा नेला तेव्हा नळाला चांगलं पाणी आलं की! जमाना झाला त्याला."

"माझं चुकलं, बाई. तेव्हाच यायला हवं होतं," काका म्हणाले. मग हळूच विचारलं, "आणि पोर?"

बाईंचं हसू थांबलं. त्यांनी तांदूळ बाजूला ठेवले आणि आत हाक मारली, "संदीप, बाहेर ये रे."

पोट सुटलेला, टक्कल पडत आलेला एक बाप्या बनियनवरच बाहेर आला. काकांनी त्याचे दोन्ही हात धरले, ते सोडेचनात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचेना.

"अहो काका, काय झालं? बसा ना," तो बिचारा सारखा म्हणत होता.