दोन दिवसांचं विमान

दौलतरावांनी थाप मारली ती फक्त मैलांची आणि दिवसांची. तिच्यापायी उपास घडेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्यांचा मुलगा फकिरा भिलाईच्या कारखान्यातर्फे पोलादाचं काम शिकायला रशियाला निघाला होता. दिल्ली ते मॉस्को सत्तावीसशे मैल, ताश्कंदला टेकून दहा तास, असं ट्रेनिंग ऑफिसातल्या रामाजीनं सांगितलं होतं. पण दहा तासांत कसला आलाय मान? (तेवढा वेळ तर पॅसेंजरनं नागपूरला लग्नाला जातानाही मोडतो.) म्हणून कारखान्याच्या वसाहतीत, आपल्या सेक्टरच्या नळावर दौलतरावांनी ठोकून दिलं, "पाच हजार मैल! दोन दिवस, दोन रात्री!"

विमान सुटायच्या दिवशी सकाळी अंजनाबाईंनी शेगडीतली राख काढली आणि जाहीर केलं, "पोरगं जमिनीले टेकेपर्यंत शेगडी पेटणार नाही. घराले झाडू बी लागणार नाही."

"म्हणजे दोन दिवस?"

"तुमीच सांगतलं ना जी."

दुपारी पोटात कावळे ओरडू लागले, तेव्हा दौलतरावांनी मैल कमी करायला घेतले. "अवं, ते जाऊन-येऊन सांगतलं होतं मी. अर्धंच धर."

"तेवढंच अंतर अर्ध्या वेळात? मंग किती जोरात पळवून राहिला तो डायवर?"

"मेलगाडीपेक्षा जोरात."

"अन् ब्रेक नाही लागला तं?"

दौलतरावांनी वर आभाळाकडे पाहिलं. खरंच, हवेत ब्रेक लागतो तरी कशाला? आता भुकेच्या शेजारी धाकधूकही येऊन बसली.

पाय मोकळे करायच्या निमित्तानं ते निघाले ते थेट उतई गावाला जाणाऱ्या बसच्या थांब्याजवळच्या हॉटेलात. गरम भजी समोर आली. एक उचलून तोंडाशी नेलं, तोच वर आभाळात तरंगणारी घार दिसली. फकिरा लहानपणी झोक्यावरसुद्धा रडायचा. आपण इथं घास घेतला आणि तिकडं विमानानं गचका खाल्ला तर? दौलतराव असल्या गोष्टी मानत नसत. (निदान ड्युटीवर, कारखान्याच्या गेटाच्या आत तरी.) त्यांनी भजं खाली ठेवलं आणि डोळे पुसत, उपाशीच घरी परतले.

अंजनाबाई दारातच बसल्या होत्या. त्यांचा चेहरा पाहून दौलतरावांना राहवेना. "दहाच तास लागते वं. लोकाईसमोर वाढवून सांगतलं मी."

"भुकेनं बोलून राहिले तुमी."

तेवढ्यात रामाजीची सायकल दारात थांबली. "दिल्लीहून ट्रंक कॉल आला, काका!"

अंजनाबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या.

"फकिरा खुशाल हाय. धुक्यानं विमान सुटलंच नाही. आता उद्या सकाळी जाईन. दुपारी पुरीभाजी हाणून झोपला म्हणे. अन् दहा तासाचं तं काम हाय, काकू, काळजी कायले करता?"

अंजनाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, शेगडी पेटवली आणि गरम भात वाढला. दौलतरावांनी ताटातून मान वर केली नाही.

"पोटभर जेवा," त्या भाताचा आणखी एक ढीग वाढत म्हणाल्या, "उद्यापासून दोन दिवस शेगडी बंद."

"अवं, पण आता तं तुले दहा तास समजले ना!"

"मले समजले. पण मी बी नळावर समद्याईले सांगून आली, विमानाले दोन दिवस लागते अन् तवर आमची शेगडी बंद. शेजारची सिंधुताई रोज आपल्या घरचा धूर पाहून राहते. तुमाले खोटं कशी पडू देऊ?"