कोरडी पूजा

मशीनजवळ पाणी आणायचं नाही, हे उत्तम मढवीने सकाळपासून अकरा वेळा सांगितलं होतं. शहाडच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, गाळा नंबर चौदामध्ये, तेव्हा तीनच माणसं होती आणि त्यातला एक तो स्वतः होता. मशीन ऑपरेटर संदेश दर वेळी "ओके सर" म्हणत होता. उत्तमच्या आई आवडाबाई मात्र नव्या मशीनच्या पूजेचा नारळ सोलत होत्या. लक्ष द्यायला हवं होतं ते तिकडे.

मशीन अंडरपॅड बनवणारं होतं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या खाली घालतात तो चौकोनी पॅड. तळाला निळं प्लास्टिक, त्यावर लाकडाच्या लगद्याचा कापूस, कापसात पांढरी जेल पावडर, परत कापूस आणि सगळ्यात वर मऊ कापड. मग चारी कडा गरम दाबून बंद करायच्या. करामत सगळी पावडरीची. चमचाभर पावडर पेलाभर पाणी पिते, फुगते आणि प्यालेलं परत देत नाही. मशीन असे चाळीस पॅड मिनिटाला काढतं, असं माहितीपत्रकात छापलं होतं. उत्तमला ते पाठ होतं.

दुपारी तीन वाजता ठाण्याच्या एका खासगी हॉस्पिटलच्या मेट्रन, सेसिलिया सिस्टर, नमुना बघायला येणार होत्या. नमुना पसंत पडला तर वर्षभराची ऑर्डर. नाही पडला, तर सोमवारपासून उत्तमने डोंबिवलीला मेव्हण्याच्या क्लासेसच्या ऑफिसात बसून प्रवेशाचे फॉर्म वाटायचे, असं त्याच्या बायकोने, रसिकाने, शांतपणे ठरवून टाकलं होतं. तिला दोष देता येत नव्हता. याआधी उत्तमने अळंबी लावली होती आणि त्याआधी ससे पाळले होते. अळंबी आली नाहीत. ससे येतच राहिले.

"नारल कुठं फोराचा?" आवडाबाईंनी विचारलं.

"बाहेर, आई. उंबऱ्याच्या बाहेर. आत फक्त हळदकुंकू. कोरडी पूजा."

"कोरडी पूजा," आवडाबाईंनी ते शब्द तोंडात घोळवून पाहिले. "अशी पूजा मी बघली नाय कधी."

"मशीनला पाणी चालत नाही गं."

"मानसाचा मूत चालतंय, नारलाचा पानी चालत नाय?"

"ते पॅडला चालतं. मशीनला नाही."

हा फरक आवडाबाईंना पटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर कुठे दिसलं नाही. पण त्या उठल्या आणि नारळ बाहेर नेऊन स्वतः फोडला. पाणी सांडू नये म्हणून खाली तांब्या धरला, कारण नारळाचं पाणी जमिनीवर ओतायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. एवढ्यात रसिकाचा फोन आला. गाळ्यात रेंज धड नसल्यामुळे उत्तम बाहेर गेला.

"सुरू झालं का?" रसिकाने विचारलं.

"होतंय. पूजा चाललीय."

"दादा विचारत होता, सोमवारी नऊला येशील का साडेनऊला."

"अजून तीन वाजले नाहीत, रसिका."

"मी नुसतं विचारलं."

उत्तम बाहेर हे बोलत होता तेव्हा संदेश मशीनच्या मागे जाऊन स्विचबोर्डला कुंकू लावत होता. आवडाबाई तांब्या घेऊन मशीनसमोर उभ्या होत्या. त्यांचा विचार सरळ होता. अभिषेक डोक्यावर करतात. मशीनचं सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे डोकं. त्या डोक्याला झाकण होतं, आणि झाकण असतं ते उघडण्यासाठी. त्या स्टुलावर चढल्या. झाकणाखाली सहा किलो जेल पावडर होती.

उत्तम आत आला, त्याने नमस्कार केला आणि संदेशला खूण केली. संदेशने बटण दाबलं. मशीनने घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि ते थांबलं. मग वरचं झाकण हळूहळू एका बाजूने उचललं गेलं. खालून भिजवलेल्या साबुदाण्यासारखं काहीतरी बाहेर डोकावलं.

"आई, तू यात काय घातलंस?"

"तीर्थ."

"किती?"

"देवाला मोजून घालतंत काय?"

संदेश आयटीआय झालेला होता आणि संकटात हात घालणारा होता. त्याने कोपरापर्यंत हात घातला, दोन ओंजळी काढल्या आणि बेसिनवर हात धुवायला गेला. हातावर चिकटलेली पावडर तोपर्यंत तहानलेलीच होती. नळाखाली ती फुगली. त्याने जास्त पाणी सोडलं. ती जास्त फुगली.

"सर, हे वाढतंय."

"अरे मग धू ना नीट."

"धुतोय म्हणूनच वाढतंय."

इकडे बरीच पावडर फरशीवर सांडली होती. खाली काही सांडलं की ओल्या फडक्याने पुसायचं, हे उत्तमच्या हाताला लहानपणापासून माहीत होतं, आणि हाताने डोक्याला विचारलं नाही. बाराव्यांदा तेच सांगायच्या ऐवजी पाणी मशीनजवळ आणलं ते उत्तमने स्वतः, बादलीतून. त्याने अर्धी फरशी पुसून काढली. मग मागे वळून पाहिलं, तर पुसलेल्या भागावर घोट्याएवढा पारदर्शक थर चढला होता. तो थरथरत होता. बेसिन तुंबलं. बेसिनचं पाणी ज्या गटारात जायचं ते तुंबलं. ते गटार शेजारच्या गाळ्यालाही सामाईक होतं.

दहा मिनिटांत गाळा नंबर पंधराचे धोंडीबा दारात आले. ते लिंबाचं लोणचं करून पाऊचमध्ये भरून विकत.

"मढवी, तुमचा साबुदाणा माझ्या मोरीत आलाय."

"साबुदाणा नाही तो."

"मग काय आहे?"

"टेक्नॉलॉजी आहे, काका," संदेश म्हणाला. दोन्ही हात त्याने ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे वर धरले होते.

"असेल. पण ती माझ्या मोरीत ठाण मांडून बसलीय. बरं झालं, लिंबाच्या पिंपातलं खारं पाणी ओतायचं होतं. दोन बादल्या ओतल्या तेव्हा कुठे मऊ पडली. गेली वाहून." त्यांनी गाळ्यात नजर फिरवली. "इथे बरीच आहे की."

संदेशने हात खाली घेतले. "सर, मीठ. मिठाने पाणी सोडते ती. आम्हाला शिकवलेलं."

"मग आधी का नाही बोललास?"

"पेपरात आलं नव्हतं."

धोंडीबांकडे मिठाची पोती होती. शेजारधर्म म्हणून त्यांनी एक दिलं आणि गंमत बघायला म्हणून स्वतः थांबले. आवडाबाईंनी पदर खोचला आणि सुकवायच्या मासळीवर फेकावं तसं मूठमूठ मीठ फेकत त्या गाळाभर फिरल्या. जेल खरोखरच बसली. फक्त बसताना तिने आतापर्यंत प्यालेलं सगळं पाणी परत केलं. ते फरशीवरून शांतपणे वाहत गेलं आणि भिंतीशी उभ्या असलेल्या कापसाच्या मोठ्या रोलपाशी पोचलं. रोलने ते उभ्या उभ्या पिऊन टाकलं.

पावणेदोन वाजले. संदेशने मशीनचं पॅनेल उघडलं, आत वाकून पाहिलं आणि परत लावलं.

"उद्या, सर. सुकल्यावर. आज चालू केलं तर मोटर जाईल."

उत्तम पालथ्या बादलीवर बसला. त्याला डोंबिवलीचं ते ऑफिस दिसायला लागलं. नऊ की साडेनऊ, एवढाच प्रश्न उरला होता.

"चारपाच थरच ना?" आवडाबाई म्हणाल्या. फळीवर ठेवलेल्या कोरड्या रोलचं टोक त्या बोटांनी चाचपत होत्या. "गोधरीला याच्यापेक्षा जास्ती असतंत."

"आई, हे हाताने होत नाही."

"मशीननं तरी कुठं झाला?"

उत्तम बादलीवरून उठला. संदेशने कोरड्या रोलांतून तुकडे कापले. पावडरीची एक बंद पिशवी शिल्लक होती. आवडाबाईंनी हात कोरडे पुसले, दोनदा पुसले, आणि प्लास्टिकवर कापूस पसरून त्यावर पावडर सोडायला सुरुवात केली. चिमटीतून रांगोळी सोडावी तशी, कडेपासून आत, कुठे जाड नाही, कुठे विरळ नाही. कडा बंद करायला धोंडीबांचं पाऊच सील करायचं मशीन आणलं. पायाने पट्टी दाबली की त्याचे गरम जबडे मिटत. आई आणि संदेश कामात होते, धोंडीबा सूचना देत होते. पाय तेवढा उत्तमचा मोकळा होता.

तीनला दहा मिनिटं कमी असताना तीन पॅड तयार झाले. तीनला सेसिलिया सिस्टर आल्या. उंच, चष्मा, हातात पर्स आणि पर्समधून डोकावणारी सलाइनची बाटली.

"पाणी देऊ?" उत्तमने त्या बाटलीकडे बघत विचारलं.

"टेस्टसाठी? नको. नळाचं पाणी सगळेच पॅड पितात. पेशंटला नळाचं पाणी होत नाही, मिस्टर मढवी. त्यात थोडं मीठ असतं."

मीठ हा शब्द ऐकून संदेश भिंतीला टेकला.

सिस्टरांनी पॅड टेबलावर पसरला आणि अख्खी बाटली त्यावर रिकामी केली. घड्याळ पाहिलं. मग पर्समधला रुमाल काढून पॅडवर दाबला, उचलला, गालाला लावला. रुमाल कोरडा होता. त्यांनी पॅडवर तळवा फिरवला, सगळ्या बाजूंनी, पोळी नीट लाटली गेली का बघावं तसा.

"गाठ नाहीये कुठे. आमच्याकडे येतात त्यात पावडर एका बाजूला जमते. म्हाताऱ्या माणसांना टोचते, रात्रभर ओरडतात." त्या वाकल्या. "हा वास कसला?"

उत्तमने धोंडीबांकडे पाहिलं. धोंडीबांनी छताकडे.

"लिंबाचा हाय, बाय," आवडाबाई म्हणाल्या.

"वॉर्डात पायजेच असं काहीतरी." सिस्टरांनी चष्मा काढला. "मशीनवर झालाय हा?"

उत्तमने तोंड उघडलं. त्याच्यामागे मशीन उभं होतं. मिनिटाला चाळीस पॅड, शिवाय गळ्यात झेंडूची माळ. हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं.

"हातानं केलाय," आवडाबाई म्हणाल्या. "मशीन आजारी हाय."

"तरीच," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या ऑर्डर लिहिली. महिन्याला सहाशे पॅड. एका ओळीखाली त्यांनी रेघ मारली: माल हुबेहूब या नमुन्याप्रमाणे, पावडर हातानेच पसरलेली, वासासकट. मग आवडाबाईंशी हात मिळवून त्या रिक्षात बसल्या.

संदेशने मोबाईलवर हिशोब केला. "सर, मशीन असतं तर सहाशे म्हणजे पंधरा मिनिटं. तासाला तीनच्या स्पीडने म्हणजे..." त्याने परत एकदा आकडे दाबले आणि मोबाईल खिशात ठेवला.

आवडाबाईंनी असा हिशोब केला नव्हता. त्यांनी माणसं मोजली होती. "शेजारच्या शेवंतीला सांगतंय. तिच्या दोन जावा हाईत, त्या पन येतील. रांगोली चांगली घालतंत. धोंडीबा, तुमचा मशीन हितंच राहूंदे."

"राहू दे की," धोंडीबा म्हणाले. "माझं लोणचंही इथंच सील करून द्या मग."

"आणि आपलं मशीन?" उत्तमने विचारलं.

"हाय ना. उंच हाय. कपरे वालत घालाला बरा परेल."

त्यांनी चौथा पॅड करायला घेतला. पाऊण तासाने उत्तमचा फोन वाजला. आता त्याला बाहेर जायची मुभा नव्हती, पण सीलिंग मशीन दाराशी असल्यामुळे तिथे रेंज होती.

"काय झालं?" रसिकाने विचारलं.

"मिळाली. वर्षाची ऑर्डर."

रसिकाने ते परत एकदा सांगायला लावलं. उत्तमला ते आवडलं.

"खरंच? मग दादाला नाही म्हणून सांगते. तू आता काय करतोयस?"

उत्तमने स्वतःच्या उजव्या पावलाकडे पाहिलं.

"प्रॉडक्शन बघतोय."

"उत्तम," आतून आवडाबाईंचा आवाज आला, "पाय थांबला तुझा."