सावंतांची पेन्सिल

आमच्या मुलुंडच्या आर्किटेक्चर कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तक घ्यायला ओळखपत्र लागतं, आणि काउंटरवर सावंत असले तर एक झाडही लागतं.

"तुझ्या बिल्डिंगच्या गेटवर कुठलं झाड आहे गं?" लँडस्केपचं पुस्तक मागणाऱ्या प्रत्येकीला ते विचारतात. मुलगी बिचारी "गुलमोहर" म्हणून मोकळी होते.

"फुलं पिवळी ना? मग तो सोनमोहर! नीट बघून ये, मग पुस्तक ने."

मुलं वैतागतात, पण बघून येतात. मी इथे लँडस्केप शिकवायला आले तेव्हा मलाही त्यांनी हाच प्रश्न विचारला होता आणि मी सपशेल चुकले होते. सावंत ते अजून विसरलेले नाहीत.

माणूस मूळचा मालवणचा. पर्यावरणपूरक बांधकामावरच्या ऑनलाइन जर्नल्सचे पासवर्ड त्यांना तोंडपाठ आहेत, पण जीव सगळा जुन्या प्रबंधांच्या कपाटात. घाटकोपर, बोरिवली, वर्सोवा, कुठकुठल्या जागा निवडून आमच्या विद्यार्थ्यांनी झाडन् झाड नकाशावर मांडलेलं. कुणी कपाट उघडलं की हे मागे हजर. "जरा सावकाश गो! पान आसा ता, पापड न्हय!"

यंदा ते प्रबंध स्कॅन करायचं ठरलं. पेन्सिलीच्या खुणा आधी खोडा, असा ग्रंथपालबाईंचा हुकूम. पानं तपासायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. पहिलाच नकाशा उघडला आणि बघत राहिले. प्रत्येक झाडाशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं: 'आहे.' 'आहे, वाढलाय.' 'गेला. आता पार्किंग.' 'अर्धा कापला, पण खमक्या आहे.' दुसऱ्या प्रबंधात तेच, तिसऱ्यातही तेच. अक्षर चांगलंच ओळखीचं होतं. 'पुस्तकात लिहू नये' ही भिंतीवरची पाटीही त्याच हातची होती.

"सावंत, हे काय?"

त्यांचा चेहरा पडला. "मेमो द्या मॅडम. वाट लागली ना माझी?"

"मेमोचं राहू दे. एवढी झाडं बघितलीत कधी?"

"रविवारी. आधी मी आणि मिसेस जायचो. ती झाडाला हात लावून सांगायची, मी लिहायचो. आता ती नाही, तर एकटाच जातो. घरात रविवार सरत नाही हो."

मग त्यांनी स्वतःच खोडरबर उचललं. "'आहे' लिहिलंय ते खोडतो. जी झाडं आहेत ती कुणीही जाऊन बघेल. गेलेल्यांचं तेवढं राहू द्या. नाहीतर ती तिथे होती हे कुणाला कळणार?"

मी खोडरबर काढून घेतलं आणि तडक ग्रंथपालबाईंकडे गेले. म्हटलं, ही नोंद आपल्या कुठल्याच जर्नलमध्ये नाही, मुलांना हीच हवी, पानं आहेत तशी स्कॅन करा. बाई कुरकुरल्या, पण हो म्हणाल्या.

परत आले तर सावंत तिथेच उभे. निर्णय सांगितला. ते नुसता चष्मा पुसत राहिले.

"या रविवारी कुठे?" मी विचारलं.

"वर्सोव्याला."

"मी पण येते."

"चालावं लागतं मॅडम."

"चालेन."

"चहा आणू नका मग," ते म्हणाले. "सवयीने मी दोघांचा करतो. दर रविवारी अर्धा परत आणतो."