पूर्ण वाक्यात उत्तर

शाळेत सरांना सगळे 'खडूसर' म्हणत. बाहीवर कायम खडूची भुकटी, म्हणून हे नाव पडलं असावं, असा त्यांचा बावीस वर्षांचा समज होता आणि तो दूर करायला कुणी धजावलं नव्हतं. विषय भाषा. नियम एकच, उत्तर पूर्ण वाक्यात लिहायचं. नुसतं 'हो' लिहिणाऱ्याला ते शून्य देत आणि वर 'शब्दांना पैसे पडतात का?' असा लाल शेरा मारत.

अशा माणसाला त्या दुपारी संगणकापुढे बसावं लागलं. नववीचे गुण पाचच्या आत भरले नाहीत, तर पुढच्या वर्षी वर्ग दुसऱ्याकडे जाईल, असं मुख्याध्यापिका बाईंनी बजावलं होतं. वर्ग जाणं सरांना झेपणारं नव्हतं. पत्नी जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी दूरदेशी, तिचा फोन रविवारी. उरलेले सहा दिवस घरात कुणाशी बोलायचं, तर घड्याळाशी. दिवसातून चार वेळा 'सर' अशी हाक यायची ती नववीतूनच.

"गुण भरायचे आणि शेवटी 'जतन करा' दाबायचं," संगणकाच्या बाई म्हणाल्या. त्या सरांच्या मुलीच्या वयाच्या. "अडलं तर हाक मारा, मी शेजारच्याच खोलीत आहे. घाबरू नका सर, तो चावत नाही."

"चावला असता तर बरं होतं. निदान काय झालं ते कळलं असतं."

सरांनी एका बोटाने एकोणीस मुलांचे गुण भरले. विसाव्या मुलीला अर्धा गुण वाढवावा का, या विचारात पेपर पुन्हा वाचू लागले. मान वर केली तर पडद्यावर प्रश्न होता, 'तुम्ही अजून आहात का?' खाली दोन चौकटी, 'हो' आणि 'नाही'.

सर आधी चपापले, मग त्यांना बरं वाटलं. कित्येक दिवसांत त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. पण एका शब्दात उत्तर देणं तत्त्वात बसेना. पडद्याच्या उजव्या अंगाला 'शाळा परिवार' असं शीर्षक आणि त्याखाली 'इथे लिहा' अशी मोकळी जागा होती. शीर्षक शोभेचं असणार म्हणून त्यांनी सोडून दिलं आणि लिहिलं, 'हो, मी अजून आहे.' मग 'पाठवा' दाबलं.

प्रश्न हलला नाही. उत्तर त्रोटक वाटलं असावं, म्हणून त्यांनी विस्तार केला. 'मी पाचपर्यंत इथेच आहे. घरी जाऊन तरी काय करू? तिथे असं कुणी विचारत नाही.'

तरी प्रश्न जागचा हलेना. मग सरांनी मन घट्ट केलं. 'खरं सांगायचं तर मला तुझी भीती वाटते. पण वर्ग गेला तर मला हाक मारणारं कुणी उरणार नाही, त्याची जास्त वाटते.'

यावर प्रश्न गेला. त्याच्याबरोबर एकोणीस मुलांचे गुणही गेले.

तेवढ्यात संगणकाच्या बाई हातात फोन घेऊन धावत आल्या. "सर, कुणाशी बोलताय?"

"हा विचारतोय, मी उत्तर देतोय."

"अहो, बराच वेळ काही दाबलं नाही की तो असं विचारतो आणि मग बंद होतो. नुसतं 'हो' दाबायचं होतं. तुम्ही लिहिलंत ते शाळेच्या गटावर गेलं. मुलं, पालक, शिक्षक, एकूण चारशे बारा जण."

सर खुर्चीत आणखी खोल गेले. "पुसता येईल?"

"येईल, पण सगळ्यांनी वाचलंय."

"आणि गुण?"

"गुण मात्र पुसले गेलेत."

पाचला दहा मिनिटं कमी होती. सरांना बावीस वर्षांत प्रथमच तोंड लपवावंसं वाटलं. पण उजवीकडे उत्तरं येऊ लागली होती. पहिलं मुख्याध्यापिका बाईंचं होतं. 'गुण भरण्याची मुदत सोमवारपर्यंत वाढवली आहे. माझेही भरून झालेले नाहीत. मला त्याने विचारलं तेव्हा मी घाबरून "नाही" दाबलं.' परदेशातून नुकत्याच आलेल्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी लिहिलं, 'आमच्या तिकडेही सगळे घाबरतात, फक्त कबूल कुणी करत नाही.' आठवीतल्या एकीने लिहिलं, 'मी गृहपाठ पाठवताना डोळे मिटून घेते.'

मग नववीतून एक ओळ आली, 'खडूस सर, तुम्ही अजून आहात का?'

सरांनी ती दोनदा वाचली. सवयीने शुद्धलेखन तपासलं. चूक नव्हती, दोन्ही 'स' जागच्या जागी होते. बावीस वर्षांचा समज एका जास्तीच्या अक्षराने दूर झाला, आणि गंमत म्हणजे त्यांना राग आला नाही. पूर्ण वाक्य होईपर्यंत थांबवेना, म्हणून त्यांनी एका बोटाने लिहिलं, 'हो.'

लगेच उत्तर आलं, 'शून्य. पूर्ण वाक्यात लिहा.'

सरांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि पूर्ण वाक्य लिहायला घेतलं.